‘कुठवर आलात?’ असे विचारणाऱ्या ग्रंथपालबाईंना

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

आपण निवृत्त झालात त्याला आता चार महिने होतील. पेठेतल्या आपल्या वाचनालयात मी अजूनही दर शनिवारी संध्याकाळी येते, पण पुस्तक बदलताना ‘कुठवर आलात?’ असे विचारणारे आता तिथे कोणी नाही. आपले आभार मानायचे राहून गेले होते. ते सर्वांसमक्ष मानावेत असे वाटले, कारण आपल्या त्या प्रश्नाने सावरलेली मी एकटीच नसेन.

आईला अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ती जाईपर्यंतची अडीच वर्षे मी नोकरी आणि तिची शुश्रूषा यांखेरीज काहीही केले नाही. ती गेल्यावर रात्री मोकळ्या झाल्या, तेव्हा वाचन आपोआप परत येईल असे मी धरून चालले होते. ते आले नाही. दीड-दोन पाने झाली की डोळे पुन्हा त्याच ओळीवर यायचे. तीन पुस्तके न वाचता परत केली, चौथ्यावर विलंब शुल्क भरले आणि ‘कसे वाटले?’ या परिचितांच्या प्रश्नाला उत्तर नसल्याने वर्गणी बंद करायच्या विचाराने एका शनिवारी काउंटरपाशी आले. आपण पुस्तक उघडून माझी खूण कोणत्या पानावर आहे ते पाहिलेत आणि म्हणालात, “संपवायला कोणी सांगितलंय? कुठवर आलात तेवढं लिहा.”

मग आपण ती वही पुढे सरकवलीत. लाल कापडी पाठीची, हिशेबाच्या वहीसारखी लांबट वही, आणि पट्टीने आखलेले तीनच रकाने: तारीख, पुस्तक, पान. अभिप्रायाला त्यात जागाच नव्हती. माझ्या वरच्या ओळीत कोणीतरी ‘मृत्युंजय’ लिहून पान ६११ नोंदवले होते, आणि त्याच्या वर एका शाळकरी अक्षरात ‘फास्टर फेणे, पान ४’ असे होते. फुरसुंगीच्या बन्याची ती चार पाने आणि ‘मृत्युंजय’ची सहाशे अकरा पाने एकाच शाईत, एकाखाली एक होती. मी खाली ‘पान ९’ लिहिले, आणि त्याची मला लाज वाटली नाही. मी शेकडो पुस्तके वाचली असतील, पण नऊ पानांचा असा हिशेब कोणी इतक्या आदराने मांडून घेतला नव्हता.

ती नऊ पाने लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची होती. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात न घेणारे त्यांचे वडील, त्या सोवळ्यापायी घरादाराचे झालेले हाल, आणि हे सारे सांगताना कडवटपणाचा लवलेश नसलेली त्यांची बोली. आई गेल्यानंतर मी प्रथम मोठ्याने हसले ते या पुस्तकामुळे. शोकात असलेल्या माणसाला हलकेफुलके काहीतरी द्यावे, असा सर्वसाधारण समज असतो. ज्या बाईने आयुष्यभर सोसले तिचेच पुस्तक आपण मला दिलेत, आणि ती निवड किती अचूक होती हे मला फार उशिरा कळले.

आता सध्या कुठवर आले आहे, ते सांगते.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ आपण निवृत्त होण्याआधी सुचवलीत आणि वर एक अटही घातलीत. १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः आली, तेव्हा पहिल्या वाचकांना जशी वाट पाहावी लागली तशी मीही पाहावी. म्हणून मी आठवड्याला एकच प्रकरण वाचते. अप्पा बळवंत चौकातून घरी येताना आनंदाश्रम लागतो. हरिभाऊंनी त्या संस्थेचा कारभार वर्षानुवर्षे पाहिला, त्यामुळे तिथून जाताना कादंबरीची नायिका यमू हिचे बोलणे जवळून ऐकू येते असे वाटते. सध्या यमू मुंबईत आहे, नवऱ्याच्या प्रोत्साहनाने वाचते-लिहिते आहे आणि सुखात आहे. ती हे सारे विधवा झाल्यावर सांगते आहे, हे ठाऊक असल्याने तिचे सुखाचे दिवस वाचतानाच सर्वांत अधिक भीती वाटते. त्यातल्या दुष्ट शंकरमामंजींचे नाव आले की मी पुस्तक मिटून क्षणभर थांबते. एका बैठकीत वाचले असते तर दुःख चटकन येऊन गेले असते. आता ते आठवडाभर सोबत राहते, आणि मला वाटते, हरिभाऊंच्या वाचकांनीही ते असेच सोबत बाळगले असेल.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ मात्र आपण ‘एका दमात वाचा’ असे सांगूनही मी तसे केले नाही, याबद्दल क्षमा असावी. १९३९ साली आलेली ही छोटीशी कादंबरी, जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंना घेऊन येणारी ती बोट आणि तिच्यावरची ज्यू नायिका हेर्टा. तिच्या पत्रांपाशी येऊन थांबले, आणि दोन दिवस पुढे गेले नाही. ती वाचून संपली की हेर्टाही संपणार, हे मला नको होते. ‘बनगरवाडी’ भाचीबरोबर फोनवर वाचते, ती एक पान आणि मी एक. तरुण मास्तर नुकताच वाडीत पोहोचला आहे.

ती वही आपल्यामागे कपाटात गेली होती. मी मागितली तेव्हा नव्या मंडळींनी विनातक्रार काढून दिली, आणि आता ती पुन्हा काउंटरवर असते. परवा नोंद करताना पाने चाळली, तेव्हा ध्यानात आले की इतक्या वर्षांत आपली स्वतःची एकही ओळ त्यात नाही. आपण आम्हा सर्वांना विचारत राहिलात, पण आपण कुठवर आलात हे आम्ही कोणीच विचारले नाही. माझ्या नोंदीखाली एक ओळ मोकळी ठेवली आहे. सवडीने यावे आणि ती भरावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
शनिवारची एक वाचक
सदाशिव पेठ, पुणे