गटारीतला गाळ येतो कुठून?

संपादक महोदय,

जुळे सोलापुरात आमच्या गल्लीच्या वरच्या अंगाला दोन महिन्यांपासून एका अपार्टमेंटचा पाया खोदणं चालू आहे. आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खोदावंच लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण निघालेली माती गटारीच्या काठावरच पुरुषभर उंच रचून ठेवली आहे. गेल्या मंगळवारी अर्धा तास पाऊस झाला आणि ढिगाचा पायथाच वाहून गेला. गटार तुंबली, रस्त्यावर चिखल. डांबरावर काळी माती म्हणजे साबणच. माझ्या डोळ्यांदेखत दूधवाल्याची मोटारसायकल आडवी झाली. दुसऱ्या दिवशी गटार उपसली, गाळ काठावरच ठेवला. शनिवारच्या सरीने तो परत आत!

मी कृषी सहायक होतो, उभी नोकरी बांधबंदिस्तीत गेली. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई बांधाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायची. कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सोलापुरात १९३३ पासून आहे. आणि त्याच गावात माती अशी गटारीला!

काळ्या मातीचे बारीक कण एकदा पाण्यात मिसळले की तासन् तास खाली बसत नाहीत. म्हणून ती जागेवरच धरली पाहिजे. ढीग गटारीपासून लांब, उताराच्या वरच्या बाजूला घाला, वर ताडपत्री टाका. मोकळ्या जमिनीवर कडबा पसरा म्हणणार नाही, तो जनावरांच्या तोंडचा घास; पण उसाचं पाचट लोक शेतात पेटवून देतात, ते अंथरलं तरी थेंबांचा मार मातीला लागत नाही. खालच्या कडेला पोती लावा, त्यांत माती नको, खडी भरा: पाणी झिरपतं, गाळ बराचसा मागे राहतो. डंपर बाहेर पडतो तिथेही जाड खडी हवी, चाकांचा चिखल तिथेच झडतो. महापालिकेने पायाच्या वेळीच एक चक्कर मारून एवढं बघावं.

साइटवरच्या इंजिनिअरला मी हे सांगून आलो. पोरगा नम्र आहे. म्हणाला, "काका, महिनाभरात माती उचलतो." महिनाभरात सप्टेंबर लागेल, आणि आपल्याकडे खरा पाऊस तेव्हाच पडतो.

– एक निवृत्त कृषी सहायक, जुळे सोलापूर