मांजराचं पिल्लू आणि आपला भोलू

चिऊ,

काल फोन मी ठेवला की तू, यावरून आईचं आणि माझं सकाळी वाजलंच. जाऊ दे. तो विषय मी आज काढणार नाहीये. नंतर तू ते कॅलेंडर पाठवलंस ना, तिकडे अमेरिकेत रिचमंडच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातलं, त्याच्यावरच लिहितोय.

फोटो मोठा करकरून पाहिला. मांजराच्या पिल्लाचं उशीवर डोकं, पांघरूण गळ्यापर्यंत आणि एक पंजा बाहेर. तू डिट्टो अशीच झोपायचीस, एक हात कायम गोधडीच्या बाहेर, नाशिकरोडच्या क्वार्टरमधे डिसेंबरची थंडी म्हणजे काय असायची आणि तुझा हात बाहेरच, मी नाईट करून आलो की बूट काढायच्या आधी तो आत सारायचो. बर्फ झालेला असायचा नुसता.

मग त्या पिल्लाबद्दल वाचून काढलं सगळं, रिटायर माणसाला काय काम. १९३३ ला अमेरिकेतल्या चेसापीक अँड ओहायो रेल्वेच्या प्रोबर्ट नावाच्या प्रसिद्धीवाल्या साहेबाला पेपरात ते चित्र दिसलं, काढणारा व्हिएन्नाचा, गिडो ग्र्युनेवाल्ड. हक्क घेतले फक्त ५ डॉलरला! सप्टेंबरमधे फॉर्च्यून मासिकात जाहिरात आली, पिल्लासारखं गाढ झोपा म्हणून, कारण एसी डबे तेव्हा नवे होते आणि रात्रीचं पॅसेंजर पाहिजे होतं. चेसापीकवरून पिल्लाचं नाव चेसी. १९३४ ची कॅलेंडरं ४० हजार छापली. १९३७ ला उरलेलं नाव वापरून 'पीक' नावाचा बोका पण आणला तिच्यासाठी. (लग्नाचं मी काही म्हणालो नाही हां, ही माहिती आहे.) पुढे १९७०च्या दशकात इंजिनांवरच्या इंग्रजी सी अक्षरात मांजरीची आकृती बसवली, ती तू यार्डात कधी पाहिलीस तर फोटो काढ.

आणि आमचा भोलू बघ, भारतीय रेल्वेचं शुभंकर. पहिली गाडी १८५३ ची, तिच्या दीडशेव्या वर्षासाठी अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेने काढलेला, १६ एप्रिल २००२ ला बेंगळुरूला बाहेर आला, २००३ ला कायमचा झाला. हत्ती आणि तोही गार्ड, हातात हिरवा दिवा. बिचाऱ्याला उशी कुणी दिली नाही. तू तेव्हा पाच वर्षांची, मी स्टिकर आणला तर म्हणालीस याच्याकडे लाल दिवा का नाही, मग थांबायचं कधी? मी ते सगळ्या रनिंग रूमला, म्हणजे गार्ड-ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, सांगितलं होतं. आता तर गार्ड म्हणत पण नाहीत, ट्रेन मॅनेजर.

तुला एक कधी सांगितलं नाही. घोटीच्या लूपमधे, म्हणजे बाजूच्या रुळावर, मालगाडी अडीच तास उभी, पाठोपाठ तिसरी नाईट, ब्रेकव्हॅनमधे, म्हणजे शेवटच्या गार्डच्या डब्यात, माझा डोळा लागला. निघायचा स्टार्टर सिग्नल पडला, ड्रायव्हरने दोनदा शिट्टी दिली, मग वॉकीटॉकीवर "गार्डसाहेब, गार्डसाहेब". मी दिवा हातात घेतला तर हिरवी काच कुठल्या बाजूला तेच सुचेना. काही झालं नाही, गाडी निघाली, पण इगतपुरीपर्यंत हात थरथरत होता. आईला पण माहीत नाही हे, बोलू नकोस.

म्हणून म्हणतो गं. तीन रात्री सलग जागून वर गाडी चालवत ऑफिसला जायचं, कॉफीवर कॉफी, तुमचं ते ऑन कॉल काय असतं त्याला दुसरा माणूस नाही का? साहेबाला सरळ सांगायचं, शरीर म्हणजे... बघ, लागलो परत. सॉरी. तू माझ्यापेक्षा मोठं काम करतेस, बँकेचं सगळं अडलं की तुला उठवतात हे मी जॉगिंग ट्रॅकवर सगळ्यांना सांगतो, कुलकर्णी काका तर आता मला पाहून रस्ता बदलतात. पण सांगताना पोटात गोळा पण येतो.

आईने मेतकूट केलंय, जोशींच्या मुलाबरोबर पाठवतो. कॅलेंडर पलंगासमोर लाव, कॉम्प्युटरपाशी नको.

इथे सकाळचे अकरा म्हणजे तुझ्याकडे रात्रीचा दीड. आत्ता वाचलंस तर निळी टिक मला दिसेल.

अण्णा