भट्टीवाल्या काकांना, चारचौघांत

काका, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, आधी चाक पुसा" म्हणता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून इथे जाहीर लिहितेय. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पुण्यातल्या आपल्या मातीकामाच्या स्टुडिओत जे शिकलेत त्यांना 'भट्टीवाले काका' एवढं पुरे आहे.

आईला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. डाव्या हाताने जेवायची वेळ आली तेव्हा कळलं, घरातली एकही वाटी तिच्या कामाची नाही. स्टीलची वाटी हलकी, चमचा लावला की पुढे पळते. ताटातला भात रेटला की कडेवरून खाली. भरवून घ्यायला ती तयार नाही. त्यापेक्षा "भूक नाही" म्हणते. मला हवा होता जड बुडाचा, उभ्या भिंतीचा, काठाशी जरासा आत वळलेला वाडगा. म्हणजे चमचा भिंतीला टेकवून घास वर घेता येईल.

तुमच्याकडे यायच्या आधी मी जिथे गेले होते, त्यांचाही उद्धार करायलाच हवा. वीकेंडची कार्यशाळा, पिवळे दिवे, कॉफी. शिकवणाऱ्या मुलाने माझ्या हातांवर हात ठेवून वाडगे स्वतःच वर काढले. माझा फोटो मात्र झकास आला. आकाराचं बोलले तर म्हणे, "मॅम, पसरट जास्त एलिगंट दिसतं." घरी आले तेव्हा एकाच्या बुडाला नागमोडी चीर. दुसऱ्यात आमटी वाढली, तर थोड्या वेळाने टेबलावर ओल. फोन केला तर, "शोपीस म्हणून वापरा ना!" पैसे घेताना हे कुणी बोललं नव्हतं.

तो चिरलेला वाडगा तुम्ही उलटा केलात, बुडावर अंगठा फिरवलात आणि "दाबलंच नाही" एवढंच म्हणालात. भिंत वर ओढताना तिथली माती आपसूक दाबली जाते, बुडाची तशीच सैल राहते. मग वाळताना ती जास्त आकसते आणि फाटते. ओल येणाऱ्यावर तुमचं म्हणणं असं, की भट्टी पुरती चढवलीच नव्हती. स्टोनवेअरची, म्हणजे खूप तापवून भाजायची माती १२०० अंशांच्या वर गेली की तिची छिद्रं मिटतात. संक्रांतीची सुगडं करणाऱ्या घरात वाढलेला माणूसच पुढचं वाक्य बोलू शकतो: "माठानं पाणी प्यायलंच पाहिजे, म्हणून तर गार राहतं. वाडग्यानं प्यायचं नसतं." सुकून, भाजून माती दहा-बारा टक्के आकसते, म्हणून ओले वाडगे मुद्दाम मोठे काढायला लावलेत. मला ते कुंडीएवढे वाटत होते.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

वाडगे चाकावरून उतरले आणि त्याच रात्री आईला पुन्हा अ‍ॅडमिट करावं लागलं. बूड कोरायला माती लेदर-हार्ड लागते. नख उमटेल पण आकार मोडणार नाही, इतपत घट्ट. एप्रिलातल्या पुण्यात उघड्यावर ती अवस्था टिकते किती, तर काही तास. एकदा पार कोरडी झाली की हत्याराखाली नुसता भुगा. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर, वाडगे गेले असंच धरून चालले होते. त्यांचा विचार करायचीही लाज वाटत होती.

परत आले तेव्हा ते मागच्या फळीवर, प्लास्टिकखाली होते. आत सुती फडकं, वाडग्यांच्या भोवतीने लावलेलं, अंगाला कुठेही न टेकणारं. टेकलं असतं तर काठ मऊ पडून बसला असता. फडकं हाताला गार, ओलं लागलं. म्हणजे इतके दिवस कुणीतरी ते पुन्हा पुन्हा भिजवत होतं. आणि वर प्लास्टिकवर मार्करने, तुमच्या त्या मोठ्या गोल अक्षरात: 'आईंचे आहेत. हलवू नये.'

दवाखान्यात मी रडले नव्हते. तिथे रडले, मातीच्या गोण्यांमागे. आईला तुम्ही तोवर पाहिलंही नव्हतं. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "फडकं भिजवायला काय लागतं?" काही लागत नाही, काका. तरी बहुतेक लोक भिजवत नाहीत.

दुसऱ्याचं अडलेलं काम पडू न देणारी माणसं असतात कुठे कुठे. वॉर्डात रात्रपाळीच्या एक सिस्टर होत्या, आईची उशी न सांगता डाव्या अंगाला सरकवायच्या. अशांच्या कामाची पावती फाटत नाही आणि त्यांच्यावर कुणी रीलही करत नाही. जिथे पिवळे दिवे असतात तिथे ही माणसं मला फारशी भेटलेली नाहीत, हा माझा आकस समजा हवं तर.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. बुडाला मेण लावून ग्लेझमध्ये, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपात बुडवणं, आणि मग भट्टीभोवती माझ्या घिरट्या. ती पुरती निवेपर्यंत दाराला हातही लावू दिला नाहीत.

आता आई वरण-भात स्वतःच्या हाताने खाते. सांडतं थोडं, पण चमचा भिंतीवरून बरोब्बर वर येतो. आणि बरी होतेय हे तिच्या तक्रारींवरून कळतं: आत वळलेल्या काठामुळे यातून ताक पिता येत नाही म्हणे. ताकासाठी बाहेर वळलेल्या काठाचा, कान असलेला वेगळा हवा. शिवाय दह्याला एक झाकणाचा. झाकण वाडग्यावर बसवूनच भाजायचं, नाहीतर दोघांची मापं जमत नाहीत, हे तुम्ही सांगितलेलं लक्षात आहे.

शनिवारी येते. माती मी मळेन. कान मात्र तुम्ही जोडून दाखवा. चारही बोटं आत जातील एवढा मोठा लागेल.

तुमची,
शनिवारच्या बॅचमधली