न्हाणीच्या भिंतीबद्दल

वास्को

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर बोलणं अर्धंच राहिलं आणि मी जरा चिडलेही, म्हणून आज सगळं लिहून काढते. बाबा, चवथीला गणपतीसाठी घर भरेल, त्याआधी मागच्या खोलीतली न्हाणी उरकावी असं तुम्हाला वाटतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई ओल्या पडवीतून जुन्या न्हाणीत जाते, ते मलाही बघवत नाही. तरीसुद्धा सांगते, चवथीआधी त्या भिंतीला हात लावू नका.

भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची आहे. चिरा पाणी पितो, आणि आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. आत्ता श्रावणात त्या भिंतीला तळहात लावून बघा, गारठा जाणवेल. अशा भिंतीवर काहीही चढवलं तरी ओल आतच कोंडते. तीन वर्षांपूर्वी आपण ऑइल पेंट दिला होता, आठवतं ना? दुसऱ्याच पावसाळ्यात फुगे आले, पापुद्रे सुटले आणि खालून पांढरी पूड पडायला लागली. ते भिंतीतले क्षार. पाणी त्यांना विरघळवून बाहेर आणतं, पाणी सुकतं आणि क्षार मागे राहतात. रंग कितीही महागाचा घेतला असता तरी हेच झालं असतं.

गवंड्याने सुचवलेल्या पीव्हीसीच्या पट्ट्याही मला नको वाटतात. पट्टीला पाण्याने काही होत नाही हे खरं. पण ती लाकडी रिपांवर ठोकणार, मागे पोकळी राहणार, तिथे बुरशी धरणार, आणि आपल्या घराला वाळवीचा इतिहास आहेच. आत काय चाललंय ते आपल्याला दिसणारही नाही.

मग टाइल्सच. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइल्स वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषतात. त्यांच्या तोंडावरची चकाकी तेवढी पाणी अडवते. व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल ०.५ टक्क्याच्या वर शोषत नाही, म्हणून शॉवरच्या बाजूला तीच घेऊ. मात्र ती पाणी पीत नाही म्हणूनच नुसत्या सिमेंटच्या गाऱ्यावर नीट धरत नाही. तिला टाइल चिकटवायचा अ‍ॅडहेसिव्ह लागतो, आणि तो पाठीवर सगळीकडे पसरायचा. चार कोपऱ्यांना चार गोळे लावून टाइल दाबली, तर मागे पोकळ जागा राहते.

पण बाबा, माझा सगळा जीव टाइलच्या मागे काय आहे त्यात अडकलाय. माझ्या फ्लॅटमध्ये टाइल्स उत्तम होत्या, एकही फुटलेली नव्हती. सांध्यांतून पाणी आत गेलं आणि दीड वर्षाने पलीकडच्या खोलीत कपाटामागे डाग दिसला. मागे वॉटरप्रूफिंग केलेलंच नव्हतं. सगळ्या टाइल्स फोडाव्या लागल्या. त्या दिवशी मी खूप रडले होते, तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुमच्या घरात या वयात तसला धुरळा आणि खर्च मला पुन्हा नको आहे.

म्हणून दिवाळीनंतर, भिंत वाळल्यावर जुना गिलावा चिऱ्यापर्यंत काढू. नवा सिमेंटचा गिलावा, त्यावर निदान सात दिवस पाणी मारायचं. तो सुकला की पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या कोटिंगचे दोन हात, पहिला आडवा तर दुसरा उभा. जमिनीपासून सुरू करून शॉवरकडे सात फुटांपर्यंत. भिंत आणि जमीन मिळते तिथे कोटिंगमध्ये फायबरची जाळी, कारण चीर पहिली तिथेच पडते. मग पाणी जायचं भोक बंद करून जमिनीवर ४८ तास पाणी साठवून बघायचं. गवंडी म्हणेल गरज नाही. तुम्ही तिथे खुर्ची टाकून बसा, पण हे सोडू नका. टाइल्सच्या सांध्यांत इपॉक्सी भरू, ते पाणी आत सोडत नाही. कोपऱ्यांत मात्र सिलिकॉन, कारण तिथे थोडी हालचाल होते आणि कडक माल तडकतो.

आईच्या आधाराच्या दांड्यांची जागा गिलाव्याआधीच ठरवायला हवी. मऊ चिऱ्यात छोटा प्लग बसवला तर अंगाचा भार आला की तो सुटून येईल. दांडी येईल तिथला चिरा काढून काँक्रीट भरू, त्यात बोल्ट घट्ट बसेल. बोल्टच्या भोकांतही सिलिकॉन भरायचं. जमिनीला छोट्या, खरखरीत लाद्या, त्यांचे सांधे पायाला धरतात.

आई, तुला पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातले ते निळे अझुलेजो आवडतात. तसल्या निळ्या टाइल्सची एक ओळ बेसिनच्या वर लावूया, तिथे पाण्याचा मारा नाही. रंग तूच निवड.

चवथीपुरती पडवीत रबरी चटई आणि जुन्या न्हाणीच्या दाराशी एक पक्का दांडा, एवढं मी या रविवारी येऊन करून देते. तेव्हाच आईला उभी करून तिचा हात कुठे सहज पोचतो ते भिंतीवर पेन्सिलीने खूण करून ठेवू. बाबा, टेप तेवढी शोधून ठेवा.

तुमची,
ताई