साक्ष ज्याची त्यानेच द्यायची: ताईंना आभाराचं पत्र

आदरणीय ताई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

नागपुरातल्या सदर भागातल्या घरसभेच्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. सुवार्ता कशी सांगायची हे तुम्ही शिकवलंत, त्याचे आभार आहेतच. त्याहून जास्त आभार, मंडळीत सगळे चुकवतात तो प्रश्न तुम्ही चुकवला नाहीत याचे: सुवार्ता सांगणं हे पाळकसाहेबांचं काम की प्रत्येकाचं? सगळे मत्तय २८ ने, म्हणजे ‘सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा’ या आज्ञेने सुरुवात करतात, तुम्ही मार्क ५ उघडलंत. भुतांपासून सुटलेला माणूस येशूबरोबर यायला निघतो आणि येशू त्याला घरी पाठवतो, तुझ्या माणसांना सांग म्हणतो. त्याच्याकडे ना शिक्षण, ना पद. वर्गणी भरून किंवा वर्षातून एकदा मैदानावर सभा घेऊन ही जबाबदारी फिटत नाही, हे मग वेगळं सांगावंच लागलं नाही.

टिळकांचं उदाहरणही तुम्ही नेमक्या जागी आणलंत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. बाप्तिस्मा झाला तो १८९५ मध्ये. मधल्या काळात वाचन टिळकांचं, शंका त्यांच्या, झगडाही त्यांचाच. प्रवाशाचं काम एक पुस्तक आणि थोडं बोलणं एवढंच. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा निर्णय तर आणखी काही वर्षांनी आणि त्यांच्या स्वतःच्या विचाराने झाला. घरात एकाने विश्वास धरला की बाकीच्यांना महिन्याभरात ओढून आणायची घाई ज्यांना होते, त्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

साक्ष, म्हणजे येशूमुळे आपल्या आयुष्यात काय झालं ते, लिहून काढायची तुमची पद्धत सगळ्यांच्या कामाची आहे. तीन मिनिटं, म्हणजे साधारण साडेतीनशे शब्द. साचा प्रेषितांची कृत्ये २६ मधला: प्रेषित पौल राजा अग्रिप्पापुढे आधीचं आयुष्य सांगतो, मग दमास्कसच्या वाटेवर येशू भेटला ते, मग पुढे काय बदललं ते. बिघडतं कुठे, तेही तुम्ही बरोबर दाखवलंत. पहिला भाग चटकदार असतो, म्हणून दारू, भांडणं, आजारपण यांतच दोन मिनिटं जातात. तिसरा भाग ‘आता शांती आहे’ एवढ्यावर उरकतो. ऐकणाऱ्याला खरं तर तोच हवा असतो: पैशाचा व्यवहार सुधारला का, सुनेशी बोलणं बदललं का? ज्यांचा जन्मच ख्रिस्ती घरात झाला त्यांना वाटतं, आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही. त्यांच्यासाठी तुम्ही पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य ठेवलात, ज्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनिके यांच्याकडून आला. नाट्य नसलं तरी साक्ष साक्षच असते. ओढूनताणून नाट्य घातलं तर मात्र ते खोटं. आणि लिहिलेलं पाठ करायचं नाही. पाठ केलं की समोरचा मध्येच प्रश्न विचारतो आणि गाडी अडते.

कुणी स्वतःहून विचारलं तर काय करायचं, याचं तुमचं उत्तर म्हणजे मार्कचं शुभवर्तमान. १६ अध्याय, मोठ्याने वाचलं तर दीडेक तासाचं. आठवड्याला एक अध्याय, अर्धा-पाऊण तास, एकाने एकाबरोबर. आपण दोघं आणि तो एकटा, असं झालं की त्याच्यावर दडपण येतं. बाईने बाईबरोबर वाचावं, पुरुषाने पुरुषाबरोबर, आणि घरच्यांना माहीत असावं. प्रश्न तीनच: इथे काय घडलं, येशू कसा दिसतो, माझ्याकडून काय मागितलं जातंय? आठव्या अध्यायात येशू शिष्यांना विचारतो, तुम्ही मला कोण म्हणता. तिथे थांबून पुढे वाचायचं का, हे मोकळेपणाने विचारायचं, आणि नाही म्हटलं तर चहा पिऊन उठायचं. १६ व्या अध्यायातल्या ९ ते २० या वचनांबद्दल कुणी छेडलं, तर सर्वांत जुन्या दोन प्रमुख हस्तलिखितांत ती नाहीत, हे सरळ सांगायचं. लपवलं आणि त्याला ते दुसरीकडून कळलं, तर बाकीच्यावरचा विश्वासही जातो.

नागपुरासाठी तुम्ही जे वेगळं सांगितलंत ते कुठल्या छापील पत्रिकेत मिळालं नसतं. इथला बौद्ध शेजारी १४ ऑक्टोबर १९५६ च्या, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचा वारस आहे. धर्म बदलणं म्हणजे काय, हे त्याच्या घरात आपल्याआधी विचारपूर्वक ठरलेलं आहे. त्याच्याशी बोलताना मूर्तिपूजेवर टीका करणं म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणं. आधी त्याचं ऐकायचं, त्या दीक्षेतल्या २२ प्रतिज्ञा वाचलेल्या असायच्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या गर्दीत पत्रिका वाटायच्या नाहीत. कायदा मनाई करतो का, हा प्रश्नच वेगळा. शोभत नाही म्हणून नाही.

कायद्याचं बोलायचं तर राज्यघटनेचा अनुच्छेद २५ धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देतो, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. आपल्याला हे अडचणीचं वाटू नये, कारण मन पालटणं आपल्या हातात नाही हेच तर पौल करिंथकरांना लिहितो: मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवलं देवाने. सावनेर ओलांडून सौंसर-पांढुर्ण्याकडे गेलं की मध्य प्रदेश लागतो, धर्मांतराचा कायदाही बदलतो. जायच्या आधी तो वाचायचा.

बाकीचे नियम थोडक्यात, पण काटेकोर. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाच्या वॉर्डात रुग्णाने आणि नर्सने हो म्हटल्याशिवाय प्रार्थना नाही. आई-वडिलांना न विचारता मुलांशी विश्वासाबद्दल बोलणं नाही. धान्य, फी, औषध द्यायचं तर त्याच भेटीत सुवार्ता नाही. मदत घेणारा माणूस मोकळेपणाने नाही म्हणू शकत नाही. बरं होण्याची हमी तर कधीच नाही. आणि कुणाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘प्रभूने जिंकलेला आत्मा’ म्हणून टाकायचा नाही. त्या माणसाला नोकरीत, घरात, लग्नात काय सोसावं लागेल याचा हिशेब फोटो टाकणारा करत नाही.

एक विनंती. ‘सगळे धर्म सारखेच ना?’ या प्रश्नावर तुम्ही तोंडी जे सांगितलंत, ते दोन पानांत लिहून द्याल का? तिथे आमच्यातले निम्मे गप्प बसतात आणि उरलेले भांडतात. झेरॉक्सचा खर्च आमच्याकडे.

ख्रिस्तात आपले,
सदरच्या घरसभेतले सर्वजण, नागपूर