ध्रुवाकडचे मासे अजून मोजून व्हायचे आहेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या अंकात आर्क्टिकवर आलेल्या बातमीचा फोटो काढून आईनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली लिहिलं होतं, "तुझ्या तिकडची बातमी आलीय बघ." बर्फ वितळतोय, जहाजांना नवे मार्ग मोकळे होतायत आणि मासेमारीला सुवर्णसंधी चालून आली आहे, असा एकूण सूर होता. बर्फाबद्दल आणि जहाजांबद्दल जे छापलंत त्यावर मला काही म्हणायचं नाही. माशांबद्दलच्या त्या एका वाक्यावर मात्र लिहिल्याशिवाय राहवेना, कारण गेली काही वर्षं मी तेच मासे हातात घेऊन मोजते आहे.

मी मूळची हर्णैची. वडील बोटीवर तांडेल, आई बंदरावर लिलावाला बसणारी. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्यविज्ञानाची पदवी घेतली आणि २०२१ साली नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला पुढं शिकायला आले. हे शहर उत्तरेला जवळजवळ सत्तर अंशांवर आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथं सूर्य उगवतच नाही. माझा अभ्यास ध्रुवीय कॉड या माशाचा. याला मराठीत नाव नाही. दिसायला साधा, राखाडी, बांगड्याएवढा किंवा त्याहून लहानच, आणि आयुष्य फार तर सात वर्षांचं. खारं पाणी उणे १.९ अंशांच्या आसपास गोठतं, पण बहुतेक माशांचं रक्त त्याच्या बरंच आधी गोठायला लागतं. या माशाच्या रक्तात बर्फाचा कण वाढू न देणारी प्रथिनं असतात, म्हणून तो बर्फाखालच्या भेगांतही राहू शकतो. सील, बेलुगा आणि नारव्हाल हे देवमासे, कड्यांवरचे समुद्रपक्षी यांतल्या अनेकांचं पोट याच्यावर चालतं. सीलवर अस्वलं जगतात. ध्रुवीय अस्वलांचे फोटो आपल्याकडं सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्या अस्वलाच्या जेवणाच्या मुळाशी हा मासा आहे.

तो किती वर्षांचा आहे हे कसं कळतं, ते कोकणातल्या वाचकांना सांगायला फार कष्ट नाहीत. ढोमा साफ करताना डोक्यातून दोन पांढरे खडे निघतात ना, लहानपणी आम्ही ते काडेपेटीत जमवायचो. ते माशाच्या कानातले खडे. कॉडच्या डोक्यातही तसेच असतात, पण तांदळाच्या दाण्याएवढे. चिमट्यानं काढायचे, पुसायचे, मधोमध मोडायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. झाडाच्या खोडात असतात तशी आत वळी दिसतात, एक फिकट आणि एक गडद मिळून एक वर्ष. कडेचं वळं पुरं झालंय की अर्धवट आहे यावर दोघांचं एकमत होत नाही, म्हणून एकच खडा दोन माणसं वेगवेगळी वाचतात आणि आकडे जुळले नाहीत तर पुन्हा वाचतात. मी दिवसाला पन्नास-साठ खडे वाचते. त्यापुढं डोळे साथ देत नाहीत आणि मग वाचलेल्याचा भरवसा राहत नाही.

हे काम कोण करतं? बहुतेक विद्यार्थीच. एका जानेवारीत आम्ही विद्यापीठाच्या 'हेल्मर हान्सेन' जहाजावर होतो. मध्यरात्री ट्रॉलचं जाळं वर आलं. आतले मासे जाती वेगळ्या करून टोपल्यांत टाकले, मग एकेक मासा फळीवर ठेवून लांबी, वजन, नर की मादी, पोटात काय, आणि शेवटी खडे एका छोट्या कागदी पाकिटात. पाकिटावर नंबर. त्या रात्री पेन्सिल सापडली नाही म्हणून मी शाईच्या पेनानं नंबर घातले आणि ट्रे ओल्या ओट्यावर ठेवला. सकाळी अडतीस पाकिटांवर निळे डाग होते, आकडे नव्हते. खडे शाबूत होते, पण कुठला खडा कुठल्या माशाचा हे सांगता येईना. आमच्या बाईंनी ट्रे पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "हे वगळ." त्या अडतीस माशांचा जीव आम्ही घेतला होता आणि त्यांच्यापासून काहीच शिकलो नाही, हे मला फार लागलं. आजही माझ्या खिशात दोन पेन्सिली असतात. बातमीत एका ओळीत 'मासे वाढले' किंवा 'मासे घटले' असं येतं, त्या एका शब्दामागं अशा शेकडो पाकिटांची रास असते, म्हणून हे सविस्तर सांगितलं.

दुसरं उदाहरण माझं नाही, पण मला त्याचा फार अभिमान वाटतो. ग्रीनलंड शार्क हा आपल्या मुशीच्याच कुळातला, पण पाच मीटरहूनही जास्त वाढणारा संथ मासा. शार्कच्या डोक्यात असे वर्षं दाखवणारे खडे नसतात, त्यामुळं त्याचं वय कुणाला सांगता येत नव्हतं. कोपनहेगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या युलियस नील्सन या विद्यार्थ्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अठ्ठावीस माद्यांच्या डोळ्यांची भिंगं तपासली. भिंगाचा अगदी आतला गाभा पिल्लू आईच्या पोटात असतानाच तयार होतो आणि पुढं बदलत नाही. अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळं १९५०-६० च्या दशकांत हवेत आणि मग समुद्रात वेगळा कार्बन मिसळला. तो कोणत्या भिंगात आहे आणि कोणत्यात नाही यावरून त्यांनी वयाचा हिशेब मांडला. २०१६ साली तो छापून आला. सगळ्यात मोठी मादी किमान २७२ वर्षांची निघाली, आणि या जातीची मादी वयात यायलाच सुमारे दीडशे वर्षं लागतात असं दिसलं. एके काळी यकृताच्या तेलासाठी हेच शार्क ढिगांनी मारले गेले. दीडशे वर्षांनी वयात येणारा प्राणी किती मारायचा हे ठरवायला आधी ते दीडशे वर्षांचं गणित तरी कळायला हवं होतं. ते कळलं परवा-परवा, आणि एका विद्यार्थ्याच्या कामातून.

आता बातमीतल्या मूळ वाक्याकडं येते. उत्तरेत मासे दिसतायत हे खरं आहे. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरल्या इसफ्योर्ड या खाडीत २०१३ साली मॅकरेल सापडला, म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, आणि इतक्या उत्तरेला त्याची नोंद त्याआधी कधी झाली नव्हती. तिथंच २००४ साली निळे शिंपले सापडले, आपल्याकडच्या शिनाण्यांसारखे. ते तिथून सुमारे हजार वर्षांपूर्वी नाहीसे झाले होते. ती खाडी २००६ च्या सुमारापासून बहुतेक हिवाळ्यांत पूर्वीसारखी गोठत नाही, कारण अटलांटिकचं कोमट पाणी आत घुसतं. त्या पाण्याबरोबर मोठा अटलांटिक कॉड आणि हॅडॉक हे मासेही येतात.

पण हे पाहुणे वाढले म्हणजे समुद्र भरला असं नाही. घरचा मासा मागं हटतोय. ध्रुवीय कॉड हिवाळ्यात अंडी घालतो. ती वर तरंगत जाऊन बर्फाच्या पोटाशी टेकतात आणि तिथं फार हळू वाढतात. त्यांना शून्याच्या आसपासचं पाणी लागतं. तीन अंशांच्या वर जाऊ लागलं की जगणाऱ्या अंड्यांचं प्रमाण घसरतं. शिवाय मोठा कॉड या लहान कॉडला खातोही. खाली अन्नातही बदल होतोय. थंड पाण्यातला कॅलेनस नावाचा बारीक जीव, आपल्या जवळ्याहूनही बारीक, अंगात चरबीचा थेंब भरून ठेवतो. कोमट पाण्याबरोबर येणारा त्याचा भाऊबंद आकारानं लहान आणि चरबीनंही कमी. माशाचं पोट कापलं की हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. काही पोटांत नारिंगी-लाल, बोटाला तेल लागेल असा लगदा असतो, आणि काहींत नुसतं फिकट पाणचट काहीतरी. पिल्लांना भरवायला समुद्रावर जाणाऱ्या पक्ष्यालाही तोच फरक सोसावा लागतो. तेवढ्याच चरबीसाठी त्याला जास्त फेऱ्या माराव्या लागतात.

आणखी एक गोष्ट, आणि ही वाचून आमच्या बंदरावरची माणसं लगेच मान डोलावतील. ध्रुवीय रात्रीत समुद्र झोपलेला असतो असं पूर्वी धरून चालत. ते तसं नाही. त्या अंधारात बारीक जीव चंद्राच्या उजेडावर वरखाली करतात, मासे खातात, शिंपले वाढतात. त्याच जानेवारीत एका ठिकाणी आमच्या जहाजाचे सगळे दिवे मालवले. खिडक्यांना काळे पडदे, आमच्या कपाळावर फक्त मंद लाल दिवे. आवाजाच्या लहरींनी पाण्यातले मासे दाखवणाऱ्या ध्वनियंत्राच्या पडद्यासमोर मी होते. पडद्यावर खोल पाण्यात माशांचा पट्टा स्थिर होता. मग डेकवरचे दिवे लावले, आणि मी श्वास सोडायच्या आत तो पट्टा हलला. २०२० साली छापून आलेल्या अभ्यासात हेच नोंदलं आहे की जहाजाच्या नेहमीच्या दिव्यांनी दोनशे मीटर खोलीपर्यंतचे मासे आणि बारीक जीव काही सेकंदांत जागा बदलतात, कुठं खाली जातात, कुठं वर येतात. म्हणजे दिवे लावून मोजायला गेलेल्या जहाजाचा आकडाही तपासून घ्यावा लागतो. एलईडीच्या उजेडावर मासा कसा गोळा होतो, हे हर्णैच्या माणसाला मी काय सांगणार? केंद्र सरकारनं २०१७ साली आपल्या समुद्रात त्या मासेमारीवर बंदी घातली, आणि ती का घालावी लागली हे आमच्याकडं घराघरात माहीत आहे. ज्या समुद्रात कित्येक महिने अंधारच असायचा, तिथं जहाजांची रांग लागली तर काय होईल, हा विचार त्या बातमीत कुठंच नव्हता.

राहिला ध्रुवाजवळचा मधला महासागर. तिथल्या सुमारे २८ लाख चौरस किलोमीटर आंतरराष्ट्रीय पाण्यात व्यापारी मासेमारी सध्या करताच येत नाही. २०१८ साली नऊ देश आणि युरोपीय संघ यांनी करार केला, तो जून २०२१ पासून लागू झाला आणि पहिली मुदत सोळा वर्षांची आहे. त्या मुदतीत आधी एकत्र अभ्यास करायचा, मासे आहेत किती ते पाहायचं, असं त्यात लिहिलं आहे. एकही बोट तिथं व्यापारासाठी गेली नव्हती तेव्हाच हा करार झाला. कुठल्याही समुद्राच्या बाबतीत ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आणि जे थोडं पाहून झालंय ते सुवर्णसंधीसारखं नाही. 'पोलारश्टर्न' हे जर्मन जहाज २०१९-२० साली बर्फात अडकवून वर्षभर प्रवाहाबरोबर सोडलं होतं. त्या मोहिमेत मधल्या महासागराच्या खोल पाण्यात मासे अगदी विरळ दिसले, आणि गळाला जे लागले ते हातावर मोजण्याइतके.

भारत त्या करारात नाही, पण आर्क्टिकला आपण परके नाही. स्वालबार्डमधल्याच न्यू-ऑलेसुंदला २००८ पासून 'हिमाद्री' हे आपलं केंद्र आहे. तिथल्या काँग्सफ्योर्ड खाडीत २०१४ साली आपण पाण्याखाली समुद्राची मोजमापं घेणारी 'इंडआर्क' ही यंत्रणा बसवली. डिसेंबर २०२३ पासून आपली माणसं हिवाळ्यातही तिथं जातात. हे सगळं चालतं गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून, म्हणजे कोकण रेल्वेनं रत्नागिरीपासून एका दिवसाच्या आत पोचता येईल इतक्या जवळून. तरी शिरगावला चार वर्षं शिकताना, मोहिमेसाठी प्रस्ताव मागवले जातात हे माझ्या वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला इथं यायला जमलं कारण तेव्हा नॉर्वेत फी नव्हती. २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना ती भरावी लागते, आणि माझ्या मागून येऊ पाहणाऱ्या दोन मुलींनी त्यामुळं बेत रद्द केला. दोघी मच्छिमारांच्या घरातल्या. अंधारात नुसत्या बोटांनी ढोमा आणि घोळ वेगळी करणारी ही मुलं. अशा हातांची इथं गरज आहे.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या. त्या बातमीतलं सुवर्णसंधीचं वाक्य दुरुस्त करून छापावं, कारण ते वाचून आमच्या बंदरावर "तिकडं मासा लय झालाय म्हणे" अशी बोलणी सुरू झाल्याचं आई सांगते. आणि वास्कोहून आर्क्टिक मोहिमेसाठी प्रस्ताव मागवले जातील तेव्हा ती सूचना मराठीत, जिल्हा आवृत्त्यांतही द्यावी. दोन इंच जागा पुरेल.

माझ्या टेबलावर गेल्या मोहिमेतली दोनशेबारा पाकिटं अजून वाचायची आहेत. सगळ्यांवर नंबर पेन्सिलीनं घातलेले आहेत.

आपली नम्र,
मत्स्यविज्ञानाची एक विद्यार्थिनी
ट्रॉम्सो, नॉर्वे (मूळ गाव हर्णै, ता. दापोली)