खडू सासूबाईंच्या हाती देणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

आमच्या साताऱ्याच्या नव्या घरातील स्वयंपाकघर आता रोजच्या वापरात रुळले आहे. समोरासमोर भेटल्यावर आपले आभार मानू म्हटले की माझा गळा दाटून येतो आणि बोलायचे ते राहून जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते चारचौघांसमोर लिहिण्याचे कारण असे की, आपण आमच्यासाठी जे केलेत ते नव्याने घर बांधणाऱ्या इतर कुटुंबांनाही कळावे, अशी आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे.

आपल्याआधी ज्यांनी आमच्या स्वयंपाकघराचे आराखडे केले, ते सगळे आपापल्या व्यवसायात नावाजलेले होते. एकांनी खोलीच्या मधोमध ओटा आणि त्याभोवती उंच स्टुले काढून दिली. दुसऱ्यांनी शेगडी पश्चिमेच्या खिडकीखाली बसवली, कारण कागदावर ती तेथे शोभून दिसत होती; पावसाळ्यात साताऱ्याला पश्चिमेचा वारा कसा झोडपतो आणि त्या वाऱ्यापुढे शेगडीची ज्योत टिकेल का, हा विचार इथेच वाढलेल्या माणसाच्या मनात येऊ नये याचे मला आजही आश्चर्य वाटते. गॅसचे सिलिंडर त्यांनी चारही बाजूंनी बंद अशा कपाटात घातले होते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो वर न जाता खाली साचतो, म्हणून त्या कपाटाला अगदी तळाशी जाळी हवीच, हे आपण सांगेपर्यंत आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

या गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या होत्या आणि आपण त्या दुरुस्त केल्यात. माझ्या मनातून जे अजून गेलेले नाही ते वेगळेच आहे. या सर्व मंडळींनी आमच्या घरी बसून सासऱ्यांशी आणि माझ्या यजमानांशी सविस्तर चर्चा केल्या, त्यांच्यापुढे ग्रॅनाइटचे आणि लॅमिनेटचे नमुने मांडले. आणि त्या खोलीत ज्यांना सर्वांत जास्त वावरायचे होते त्या माझ्या सासूबाई चहाचा ट्रे ठेवून दाराशी उभ्या राहत, तेव्हा त्यांच्याकडे वळून एकानेही काही विचारले नाही. मी मध्ये बोलले तर "मॅडम, हे स्टँडर्ड माप आहे," एवढेच उत्तर मिळे.

ते स्टँडर्ड माप म्हणजे 34 इंचांचा ओटा. सासूबाईंची उंची पाच फुटांनाही थोडी कमी आहे. सासऱ्यांच्या नोकरीत ज्या ज्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचा संसार झाला, त्या प्रत्येक ठिकाणी ओटा त्यांना उंच पडला, म्हणून पोळ्या लाटताना त्या पायाखाली एक सागवानी पाट घेत आल्या. त्या पाटाचे पॉलिश दोन ठिकाणी, बरोबर टाचा टेकतात तेथे, पार उडून गेले आहे. आमच्या जुन्या घरी येणाऱ्या प्रत्येकाने तो पाट पाहिला असणार. नणंदेच्या आग्रहावरून आपण प्रथम आलात, तेव्हा आपण मात्र आत जाऊन विचारलेत, "हा पाट ओट्यापाशी कशासाठी आहे?" सासूबाईंनी संकोचाने कारण सांगितले. आपण ते वहीत लिहून घेतलेत. गृहविज्ञान शिकवण्यात ज्यांची उभी हयात गेली अशा प्राध्यापिकेने आपले बोलणे लिहून घ्यावे, याचे सासूबाईंना किती अप्रूप वाटले, हे त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहणाऱ्यालाच कळले असते.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यानंतरचे. नव्या घरात तेव्हा नुसता कोबा झाला होता, फरशी बसायची होती. आपण आपल्या पिशवीतून खडू काढलात, आता आपण ओटा आखून दाखवणार म्हणून आम्ही सगळे बाजूला सरकलो, आणि आपण तो खडू सासूबाईंच्या हातात ठेवलात. "ताई, तुम्ही आखा, मी मापं लिहून घेते," असे म्हणून आपण त्या धुळीच्या कोब्यावर सरळ मांडी घालून बसलात. सासूबाईंनी खडू घेण्याआधी पदराला हात पुसले, सासऱ्यांकडे एकदा पाहिले, आणि मग पहिली रेघ ओढली ती शेगडीची नव्हती, सिंकचीही नव्हती; ती खिडकीजवळ विळी घेऊन बसण्याच्या जागेची होती. कोणत्याही आराखड्यात ती जागा नव्हती, कारण भाजी बसून चिरणारी बाई कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हतीच. आपण कोणतीही दुरुस्ती सुचवली नाहीत, मान डोलावलीत आणि माप घेतलेत. ती अडीच फुटांची मोकळी जागा आज आमच्याकडे आहे. तिच्यावर ट्रॉली नाही, कपाट नाही, पूर्वेचा उजेड सकाळी थेट तेथे पडतो, आणि खोबरे खवायला, पालेभाजी निवडायला घरातले कोणी ना कोणी तेथे बसलेले असते.

उंचीचा प्रश्न आपण ज्या रीतीने सोडवलात, त्याबद्दल मी प्रत्येक ओळखीच्या माणसाला सांगत असते. ताठ उभे राहून कोपर दुमडल्यावर जमिनीपासून कोपरापर्यंत जे अंतर भरते, त्याहून चार ते सहा इंच खाली ओटा असावा आणि मळणे-लाटणे अशा जोर लागणाऱ्या कामाला तो त्यातही खालच्या बाजूला असलेला बरा, हे आपण समजावलेत. सासूबाईंचे कोपर 36 इंचांवर येते, म्हणून शेगडीचा आणि पोळ्यांचा ओटा 30 इंचांचा झाला. शेगडीची आणि तिच्यावरच्या पातेल्याची उंची त्यात आणखी मिळते, हे कोणी लक्षात घेतच नाही. सिंकचे मात्र आपण उलटे केलेत. भांडी घासली जातात ती सिंकच्या तळाशी, आणि तो तळ आठ-नऊ इंच खाली असतो, तेव्हा भांडी घासणारे मी आणि माझे यजमान, दोघेही उंच असल्यामुळे, तो भाग 35 इंचांवर घेतला. ओट्याची पातळी मध्येच बदलते म्हणून ग्रॅनाइट बसवणाऱ्याने नाक मुरडले, त्यालाही आपण शांतपणे समजावलेत. शेगडी पूर्वेच्या भिंतीला गेली, त्यामुळे वाऱ्याचाही प्रश्न मिटला आणि पूर्वेकडे तोंड करून स्वयंपाक व्हावा हे सासऱ्यांच्या मनातलेही साधले. ते मनातले त्यांनी आपल्याला सांगितले तेव्हा आपण हसला नाहीत, वादही घातला नाहीत, याची नोंद मी मुद्दाम करते.

आधीच्या एका आराखड्याबरोबर 'शास्त्रीय त्रिकोणा'चे मोठे कौतुक आले होते: शेगडी, सिंक आणि फ्रिज यांच्यातील तीन अंतरांची बेरीज 26 फुटांच्या आत हवी, वगैरे. तो नियम अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 1940 च्या दशकात मांडला गेला आणि तो एकाच व्यक्तीच्या हालचालींवर बेतलेला आहे, हे आपल्याकडून कळले. त्याच्याही आधी, 1926 मध्ये, ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की यांनी जर्मनीतील फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी सुमारे 1.9 बाय 3.4 मीटरचे स्वयंपाकघर आखले, प्रत्येक कामाला लागणारा वेळ मोजून आखले, आणि तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे उभी राहिली, हेही आपण सांगितलेत. त्या कामाविषयी आपण अतिशय आदराने बोललात. मात्र तेही स्वयंपाकघर एकट्या बाईसाठी होते, आणि आमच्याकडे सकाळी एकाच वेळी तिघांचे हात चालतात, म्हणून दोन ओट्यांमध्ये आपण चार फुटांची वाट सोडायला लावलीत. आज एकाने शेगडीपाशी उभे राहून फोडणी घातली तरी दुसऱ्याला मागून गरम पातेले घेऊन जाता येते.

बाई, ज्ञान असलेली माणसे आम्हाला पुष्कळ भेटली. ज्याच्यासाठी ते ज्ञान वापरायचे त्याच्याकडे आधी वळून पाहणारी माणसे फार थोडी असतात, आणि अशा माणसांमुळे घरातल्या माणसांचे एकमेकांशी बोलणेही बदलते, हा आमचा अनुभव आहे. सासूबाई आता घरातल्या इतर कामांतही आपले मत स्पष्ट सांगतात. माळ्यावर काय ठेवायचे, वर्षाचे गहू कोणत्या कोठीत भरायचे, अंगणातली मोरी कोठे हवी, हे सासरे आता त्यांना विचारून ठरवतात. त्यांचे खांदे संध्याकाळी दुखत असत, ती तक्रार बरीच कमी झाली आहे.

आपण मानधन घेण्यास ठाम नकार दिलात, त्यापुढे आमचे काही चालले नाही. मात्र सासूबाईंनी आपल्यासाठी गोडा मसाला करून ठेवला आहे आणि तो घेऊन त्या स्वतः आपल्याकडे येणार आहेत. तो परत पाठवू नये, अशी त्यांची आणि माझीही विनंती आहे. शिवाय आमच्या शेजारच्या प्लॉटवर एका कुटुंबाचे घर उभे राहत असून तेथेही स्वयंपाकघराची चर्चा सध्या फक्त पुरुष मंडळींत चालली आहे. आपली हरकत नसेल तर त्या घरातील वहिनींना घेऊन मी आपल्याकडे यावे म्हणते. आपल्याला सवड कधी आहे, तेवढे कृपया कळवावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
साताऱ्याच्या नव्या घरातील सून